सातदारीची हजेरी

१

जांभूळखडीच्या वाचनालयाचं कुलूप रोज दुपारी चारला उघडायचं, आणि ते उघडताना धम्मपाल एक तरी शिवी हासडायचा. कुलूप जुनं, किल्ली नवी, दोघांचं काही केल्या पटत नव्हतं. आत गेला की केर काढायचा, उंबऱ्याबाहेर पाणी शिंपडायचं, वर्तमानपत्रं काठ्यांना अडकवायची आणि खुर्चीवर बसून सभासदांची वही उघडायची. हे वाचनालय त्याच्या वडिलांनी, आप्पासाहेबांनी, ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत काढलं होतं. गावात कुणाच्या दारात कुंकू लावलेलं लिंबू पडलं की आप्पासाहेब ते उचलायचे, घरी आणून त्याचं सरबत करायचे आणि अंगणात बसून चारचौघांदेखत प्यायचे. आपण छप्पन साली हे सगळं मागं टाकलंय, असं म्हणायचे. त्यांच्या माघारी धम्मपालकडं किल्ली आली आणि लिंबाला न भिण्याचा वारसाही आला.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यापर्यंत वाचनालयात पोर म्हणून फिरकत नव्हतं. चार पेन्शनर यायचे, एकच पेपर चौघांत वाटून घ्यायचे आणि पंख्याखाली डुलक्या काढायचे. मग ‘सातदारी’ आली आणि पेन्शनरांना बसायला जागा उरली नाही.

सांगलीच्या एका प्रकाशनाची ती मालिका. पातळ पातळ भाग, भडक रंगाची मुखपृष्ठं. सात दारांचं एक शहर आणि त्यात शिरलेली चार पोरं, एवढीच गोष्ट. पहिल्या भागात उडणारी बाज होती, पेढे लागणारं झाड होतं आणि आंघोळ चुकवणारा राजा होता. पोरं नुसती येडी झाली. प्रत एकच, वाचणारे पन्नास. नंबर लवकर लागावा म्हणून एकानं दुसऱ्याची महिनाभराची गणितं सोडवून दिली. शेवटी मारामाऱ्या नकोत म्हणून धम्मपालनं रविवारी तीन वाजता सगळ्यांना बसवून एकानं मोठ्यानं वाचायचं, असं ठरवलं. वाचणार पायल, त्याची अकरा वर्षांची लेक. तिचा आवाज शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कानाशी बोलल्यासारखा ऐकू यायचा. ती उंच स्टुलावर बसायची, पाय हलवत वाचायची, आणि धम्मपाल दाराशी उभा राहून वाचणारीकडंच बघत राहायचा. त्याच्या आयुष्यात त्याला याहून मोठं काही नको होतं.

पुढं पुढं गोष्ट बदलत गेली. तिसऱ्या भागात एक पोरगं दाराच्या पलीकडं राहिलं आणि परत आलंच नाही. चौथ्यात पेढ्यांचं झाड वाळलं. पाचव्या भागात हजेरीमास्तर आला. कापडी बांधणीची लांब वही घेऊन तो दाराशी उभा राहायचा, एक नाव पुकारायचा आणि थांबायचा. त्याचा चेहरा कसा होता याबद्दल पुस्तकात अवाक्षर नव्हतं.

“आवं ग्रंथपाल, कसली पुस्तकं दिताय पोरास्नी?” दगडाबाई भर रस्त्यात त्याला आडवी आली. “माझा नातू परसाकडं एकटा जाईना झालाय. म्या संगं जायाचं, आन् वर गाणं म्हणायचं!”

“भीती वाचूनच जाते, मावशी,” धम्मपाल हसत म्हणाला. दगडाबाईला काही ते पटलं नाही. नातू मात्र पुढचा भाग कवा येणार, हे विचारायला रोज वाचनालयात हजर.

२

वाचनालयाचा सरकारी अनुदानाचा वर्ग वाढवून मिळावा म्हणून धम्मपालनं साताऱ्याला अर्ज केला होता. वर्ग वाढला तर बालविभागाला वेगळी खोली, वेगळी कपाटं मिळणार होती. त्यासाठी बालसभासद जास्त हवे होते. खरे होते एक्कावन्न. अकरा कमी पडत होते.

नावं काय, सुचायला कितीसा वेळ लागतो? दिवाळी झाली की पूर्वेकडच्या दुष्काळी भागातून मेंढपाळ मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरतात, लोकांच्या शेतात मेंढरं बसवतात आणि पाऊसकाळाला परत जातात. त्यांची पोरं गावात आहेत की नाहीत, हे साताऱ्याचा साहेब कसा तपासणार? धम्मपालनं एका बैठकीत अकरा पोरं जन्माला घातली. बापांची नावं खऱ्या मेंढपाळांची घेतली, पोरांची मनानं लिहिली. सगळ्यात वर ‘राणी कोंडीबा, वय अकरा’. तिच्या नावावर सातदारीचा दुसरा भाग दिल्याची नोंदही केली आणि ती प्रत आपल्या टेबलाच्या खणात सारली. काम चोख, म्हणून तो स्वतःवरच खूश झाला.

डिसेंबरातल्या एका सकाळी साहेब जीपमधून आले. मोठे सज्जन गृहस्थ. तपासणीच्या दिवशी पोरं उसनी आणायची आणि दुसऱ्याच्या नावाला ‘हजर’ म्हणायला लावायचं, ही रीत तर शाळामास्तरांनी कधीच घालून दिलेली. धम्मपालनं सकाळीच सगळ्यांना पढवलं होतं. मेंढपाळांच्या पोरांची नावं सभासद नसलेल्या दहा आगाऊ पोरांना वाटली आणि राणी पायलला दिली. साहेबांनी काही विचारलंच तर तीच नीट उत्तर देईल, हा त्यामागचा हिशेब.

“राणी कोंडीबा.”

“हजर, सर.” पायल उभी राहिली.

“वा! किती मेंढरं तुमची?”

“दीडशे, सर. त्यातलं एक लंगडं हाय.”

साहेब खूश झाले. पोरं तोंडावर हात ठेवून फिदीफिदी हसली. लंगडं मेंढरू तिनं कुठून आणलं, या कौतुकानं धम्मपालची छाती फुगली. तोवर साहेबांनी पान उलटलं.

“पायल धम्मपाल. तुमचीच का हो?”

अकरा नावं वाटताना पोरीचं स्वतःचं नावही त्याच वहीत आहे, हे धम्मपालच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. पायल अजून उभीच होती. बापाकडं बघत होती, आणि हसू दाबून तिचे गाल फुगले होते. आता पप्पा काय करतात, याची तिला गंमत वाटत होती.

“माझीच, सर. गैरहजर आहे. आज आली नाही.”

साहेबांनी आपल्या तपासणीच्या कागदावर लाल पेन्सिलीनं फुली मारली, खाली सही घेतली आणि तो कागद फाइलीत घातला. जीप गेली. पोरांनी आरडाओरडा करून खोली डोक्यावर घेतली. पायल तेवढी उभी होती. तिच्या गालांवरचं हसू गेलं होतं. तिला बस म्हणायचं कुणालाच सुचलं नाही, बापालाही नाही.

३

पायलची आई दुसऱ्या बाळंतपणासाठी कुपवाडला माहेरी गेली होती. घरात धम्मपाल, त्याची आई लक्ष्मीबाई आणि पायल, अशी तीनच माणसं. त्यामुळं पहिल्यांदा जे घडलं, त्याचं खापर त्यानं बायकोच्या काळजीवर फोडलं.

सकाळी त्यानं चहा गाळला. दोन कप.

“आन् पोरीचा च्या?” लक्ष्मीबाई म्हणाली.

त्यानं चमकून पाहिलं. पायल चुलीपाशी बसली होती. ती तिथं कधी आली हे त्याला कळलं नव्हतं, आणि ती म्हणत होती, “पप्पा, मी तीनदा हाक मारली.” चार दिवसांनी उंब्रजच्या बाजारात तो तिला स्टँडवर विसरून सायकलनं निम्म्या वाटेवर आला. तिला मागच्या कॅरिअरवर बसवून आणलं होतं, ओझं कमी झालंय हे पायांना कळायला नको? तो उलटा पळाला. पायल रसवंतीच्या सावलीत उभी होती. रडत नव्हती. “तुमी माझ्याकडं बघून गेलात,” एवढंच म्हणाली.

त्या रात्री त्यानं तिचे केस विंचरून दिले, तिला आवडतो म्हणून गूळ घालून शिरा केला. अकरा वर्षांत या पोरीला त्यानं कधी चापट मारली नव्हती. तिच्याकडं बघूनही आपल्याला ती दिसली नाही? छे. उन्हाची तिरीप असेल. माणसाची नजर चुकते.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात त्यानं खणातून सातदारीचा दुसरा भाग काढला. आता तपासणी झाली होती, प्रत कपाटात लावायला हरकत नव्हती. पुस्तक हाताला जड लागलं. उघडलं तर पानापानांत लोकरीचे पुंजके. काळी, तेलकट, ताजी लोकर. पेढ्यांच्या झाडाचं चित्र होतं त्या पानावर मातीचं बोट उमटलं होतं. खणाला कुलूप होतं आणि किल्ली त्याच्या खिशात होती.

उंदरानं आणली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मग उंदीर पानं कशी उलटेल, असा प्रश्न मनात आला, तेव्हा त्यानं पुस्तक झटकलं आणि कपाटात ठेवून दिलं.

४

जानेवारीत सहावा भाग आला. कऱ्हाडच्या दुकानदारानं प्रत एस.टी.च्या पार्सलनं धाडली, आणि पार्सल उतरवून घ्यायला वीसेक पोरं उंब्रजच्या स्टँडवर गेली. वरातीसारखं पुस्तक गावात आलं. रविवारी अडीचलाच खोली खचाखच भरली. बाहेर चपलांचा खच पडला.

पायल स्टुलावर बसली. वाचायला लागली. धम्मपाल नेहमीसारखा दाराशी.

या भागात एक बाई होती. हजेरीमास्तर तिच्या दाराशी येतो आणि तिच्या मुलाचं नाव पुकारतो. मुलगा वाचावा म्हणून बाई खोटं बोलते. म्हणते, गैरहजर आहे. मास्तर वहीत फुली मारतो आणि निघून जातो. बाई आनंदानं घरात वळते, मुलाला हाका मारते. मुलगा तिच्यासमोर उभा असतो. तो ओ देत असतो. ती घरभर शोधते, परसात शोधते, विहिरीत वाकून बघते, आणि मुलगा तिचा पदर धरून मागं मागं फिरत असतो.

खोलीत चिटपाखरू नव्हतं जणू. पहिल्या रांगेतली एक पोरगी मुसमुसायला लागली. धम्मपालनं दाराची चौकट धरली. नजर पायलवरून काढून खोलीच्या मागच्या बाजूला वळवली, आणि त्याला मासिकांच्या कपाटापाशी बसलेली मुलगी दिसली.

विटक्या हिरव्या परकरातली. पायलच्याच वयाची. गुडघे पोटाशी घेऊन ऐकत होती. मेंढपाळांच्या तळावरची एखादी पोर आली असावी. अशा अवस्थेतही त्याला बरं वाटलं. अकरांतली एक तरी खरी झाली म्हणायची. तो पोरांतून वाट काढत गेला आणि तिच्या शेजारच्या मुलाला हळूच म्हणाला, “सरक जरा. या मुलीला नीट बसू दे.”

मुलानं शेजारी पाहिलं. मग त्याच्याकडं पाहिलं.

“कुठल्या पोरीला, काका?”

मुलगी धम्मपालकडं बघत होती. तिच्या अंगाला ओल्या लोकरीचा वास येत होता. “तुझं नाव काय?” असं विचारायला त्यानं तोंड उघडलं, पण विचारलं नाही. उत्तर त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं.

आणि मग त्याच्या लक्षात आलं की खोलीत आवाज नाही. वाचन थांबलं होतं. तो वळला. स्टूल रिकामं होतं. सगळी पोरं रिकाम्या स्टुलाकडं टक लावून बघत होती, आणि मग काहीतरी ऐकल्यासारखी एकदम दचकली.

त्यानं डोळे चोळले. पायल स्टुलावर होती, पान उलटत होती.

वाचन संपल्यावर त्यानं पुस्तक तिच्या हातातून घेतलं. पोरगी मनचं तर वाचत नाही ना? नव्हती वाचत. ती बाई, ते दार, ती फुली, सगळं पांढऱ्यावर काळं छापलेलं होतं. त्यानं पहिलं पान उघडलं. छपाई ऑक्टोबरातली. साहेब आले त्याच्या दोन महिने आधीची.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेंढपाळांच्या तळावर गेला. नदीकडच्या मळ्यात मेंढरं बसवली होती. काट्यांच्या कुपाट्या, दोन घोडी, आणि तीन दगडांच्या चुलीपाशी भाकरी थापणारी हरणाबाई. दर साली येणारी बाई, धम्मपालला तोंडओळखीनं माहीत होती.

“कोंडीबाची पोरगी हाय का इथं? राणी?” त्यानं विचारलं.

हरणाबाईचा हात थांबला. “कोंडीबा माजा मालक. आमाला पोर न्हाई.”

“न्हाई म्हंजे... दुसऱ्या कुणा कोंडीबाची असंल.”

“तळावर कोंडीबा योकच. आन् राणी नावाचं कुत्रंबी न्हाई.” तिनं भाकरी तव्यात टाकली आणि पदरानं कपाळ पुसलं. “पंधरा वर्सं झाली लगनाला. नाव म्हनशीला तर तेच धरलं व्हतं मनात. कुनी सांगितलं तुमाला?”

धम्मपालचं लक्ष हरणाबाईच्या मागं गेलं. मेंढरांच्या मधोमध हिरवा परकर बसला होता. मांडीवर पुस्तक नव्हतं, पण बोट ओळीवरून फिरवावं तसं ती मातीवरून फिरवत होती. तिच्या अंगाशी एक मेंढरू तीन पायांवर उभं होतं. बाकीची मेंढरं तिच्याभोवती वाटोळी जागा सोडून चरत होती. त्या जागेतल्या गवताला कुणी तोंड लावत नव्हतं.

“ती बघा,” तो म्हणाला. त्याचा स्वतःचा आवाज त्याला ओळखू येईना. “ती काय बसलीया.”

हरणाबाई वळली. बराच वेळ बघत राहिली. इतक्या आशेनं बघत राहिली की धम्मपालला लाज वाटली.

“तिथं लंगडं मेंढरू हाय माजं,” ती शेवटी म्हणाली. “ग्रंथपाल, शिकल्यालं मानूस तुमी. बिनपोराच्या बाईची अशी चेष्टा करू नगा.”

धम्मपालनं हात जोडले आणि तो तिथून अक्षरशः पळाला.

६

लाल फुली खोडायची, एवढं त्याला कळलं होतं. का आणि कसं, हे विचारायचं नाही असं त्यानं ठरवलं. मंगळवारी त्यानं पायलला शाळेतून सुट्टी घ्यायला लावली, तिला निळा फ्रॉक घालायला दिला आणि दोघं साताऱ्याच्या गाडीत बसली. पोरीला साहेबांसमोर उभी करायची. ही बघा, हजर आहे. वाटेत त्यानं तिचा हात एकदाही सोडला नाही.

“पप्पा, दुखतंय,” ती म्हणाली, तरी सोडला नाही.

साहेबांनी प्रेमानं बसवलं. चहा मागवला. “तुमचा प्रस्ताव वर पाठवतोय. आप्पासाहेबांचं नाव राखलंत तुम्ही.”

“सर, त्या हजेरीत एक दुरुस्ती करायची होती. पायलची फुली. ती हजर होती.”

“होती? तुम्हीच तर म्हणालात, आली नाही.” साहेबांनी चष्मा काढला. “ठीक आहे, खोडू. पण झालेल्या तपासणीत अशी खाडाखोड होत नाही. कारण लिहून द्या, मी खाली सही करतो.”

कागद पुढं आला. धम्मपालनं ‘सविनय’ लिहिलं आणि तिथंच अडकला.

कारण काय लिहायचं? ती राणीच्या नावाला उभी होती म्हणून. राणी कोण? कुणीच नाही. मग अकरा नावं? खोटी. एवढं लिहिलं की वाचनालयाला टाळं, आप्पासाहेबांच्या नावाला काळिमा. तेही सोसलं असतं त्यानं, देवाशपथ... छे, शपथ तरी कुणाची घेणार? पण साहेब विचारणार, आज एवढं कबूल करायला का आलात? मग सांगायचं काय? की पोरांच्या गोष्टीतला मास्तर माझ्या दारात आलाय? ज्या बापानं गावची लिंबं पिळून प्यायली, त्याचा मुलगा साताऱ्याच्या कचेरीत बसून हे सांगणार?

आपण थकलोय. डोळे दाखवून घेऊ. बायको आली की सगळं सुरळीत होईल. पायल इथं शेजारी बसलीय, तिचा हात आपल्या हातात आहे. यात गूढ ते काय?

“राहू द्या, सर,” धम्मपाल म्हणाला आणि कागदाची घडी घातली. “गैरहजरच बरोबर आहे.”

चहा आला. तीन कप. त्यानं एक पायलकडं सरकवला, आणि सरकवता सरकवता त्याला शेजारची खुर्ची रिकामी दिसली. त्याची मूठ मिटलेली होती, आत काही नव्हतं.

तो उठला. टेबलाखाली बघितलं. व्हरांड्यात गेला, जिन्यावरून खाली आला, बायकांच्या मुतारीबाहेर उभं राहून हाका मारल्या. पायल! पायल! रस्त्यावर माणसं थांबून बघायला लागली. साहेब वरून काहीतरी ओरडत होते, त्याच्या शेजारी बोट दाखवत होते, पण गाड्यांच्या आवाजात त्याला ऐकू येत नव्हतं. स्टँड पालथा घातला. शेवटी, गर्दीत हात सुटला असेल आणि शहाणी पोर घरची गाडी धरून गेली असेल, या एका आशेवर तो कऱ्हाडच्या गाडीत चढला.

“दीड ना?” कंडक्टरनं विचारलं.

“एकच.”

“आन् खिडकीजवळची?”

धम्मपालनं वळून पाहिलं. खिडकीशी हिरवा परकर बसला होता. ओल्या लोकरीचा वास आला. ती त्याच्याकडं बघून ओळखीचं हसली.

“ही माझी मुलगी नाही!” तो ओरडला. अख्खी गाडी मागं वळली. “माझी नाही ही! मी हिला ओळखत नाही!”

कंडक्टर खालच्या आवाजात म्हणाला, “पावणं, अर्ध्या तिकिटापायी एवढं? पप्पा पप्पा म्हणतीया की तुमाला ती. निळ्या फ्रॉकात एवढी गुणाची पोर.”

७

उंब्रजला तो मागं न बघता उतरला आणि सगळी वाट पळत घरी आला. ऊन अजून उतरलं नव्हतं. लक्ष्मीबाई अंगणात शेंगा निवडत बसली होती.

“आई, पायल आली?”

“म्हंजे?”

“पायल! साताऱ्यात हात सुटला. आली का घरी? बोल की!” त्याला धाप लागली होती. डोळ्यांतलं पाणी गालांवर ओघळत होतं, पण ते पुसायचं भान त्याला नव्हतं. “निळा फ्रॉक गं... खिडकीशी... कंडक्टर म्हणाला निळा फ्रॉक...”

आणि तिथं तो थांबला. कंडक्टर काय म्हणाला होता, ते त्याला आत्ता कळलं.

लक्ष्मीबाईनं सूप खाली ठेवलं. ती त्याच्याकडं बघत होती. मग तिची नजर त्याच्या उजव्या हाताकडं गेली, तिथून थोडी खाली, अकरा वर्षांच्या पोरीचं तोंड जिथं येईल तिथं.

“धम्मा, असं काय करतुयास?” ती म्हणाली. “पोरगी तुझा हात धरून हुबी हाय की. पळून पळून तिला दम लागलाय. बोल तिच्याशी.”

धम्मपालनं आपल्या हाताकडं पाहिलं. हात मोकळा होता. बोटं थोडी वाकलेली, त्यांच्यामधून खालची शेणानं सारवलेली जमीन दिसत होती. त्यानं कान दिला. शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू आला, उसाचा ट्रॅक्टर गेला तो ऐकू आला.

“पायल,” तो म्हणाला. “बाळ, मी आहे. हजर आहेस तू. हजर आहेस.”

काहीच झालं नाही. त्यानं मूठ मिटायला सुरुवात केली. हळूहळू, मग जोरात, मग होता नव्हता तो सगळा जीव बोटांत आणून. नखं तळव्यात रुतली.

“आरं सोड!” लक्ष्मीबाई किंचाळली आणि शेंगा उधळत त्याच्या अंगावर धावून आली. “सोड की रं तिला! हात मोडतूस का काय पोरीचा! किती कळवळतीया बघ!”

धम्मपालला सोडवेना.